म्हाताऱ्या रादेनची शिकवणी

म्बाह सारिदी पहिल्यांदा लक्षात राहिले ते एका अर्धवट भादरलेल्या माणसामुळे. सोलो शहरातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी, फणसाच्या झाडाखाली त्यांची खुर्ची आणि आरसा. त्या सकाळी खुर्चीत एक पोस्टमन गळ्याभोवती कापड बांधून बसला होता. डाव्या कानावरचे केस नीट कापलेले, उजव्या कानावर जंगल. आणि न्हावी खुर्चीजवळ नव्हताच. तो पाच हातांवर, फांदीला टांगलेल्या पिंजऱ्यासमोर उभा राहून हवेतच कात्री चालवत होता. पिंजऱ्यातला काळाभोर, तांबूस पोटाचा, लांब शेपटीचा शामा मान तिरकी करून ऐकत होता. मग त्याने सात सुरांची एक लांब शीळ घातली आणि शेवटी त्याच्या चोचीतून कात्रीच निघाली. कच कच कच. अगदी तीच. पोस्टमनने आरशातूनच विचारलं, आता माझी पाळी आली का?

"थांब जरा," म्बाह म्हणाले. "त्याचं अजून संपलं नाही."

पोस्टमन थांबला. आमच्या गल्लीत त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. घरात गाणारा पक्षी असेल तर माणसाने त्याच्या वेळा सांभाळायच्या, हे इथे दुधपित्या पोरालाही ठाऊक असतं.

म्बाह म्हणजे आजोबा. सारिदींना लोक पन्नाशीतच म्बाह म्हणायला लागले, कारण त्या पक्ष्याशी ते नातवाशी बोलावं तसे बोलत. पक्ष्याचं नाव रादेन क्लिवोन. क्लिवोन हा बाजाराचा वार, त्या दिवशी तो अंड्यातून बाहेर आला. आणि रादेन ही सरदार घराण्यातल्यांना लावायची पदवी. स्वतः म्बाहांच्या घराण्यात चार पिढ्या न्हावीकाम. पण पक्ष्याला पदवी लावायला कुणाच्या बापाची परवानगी लागते, असं ते विचारत.

रादेनने बारा स्पर्धा जिंकल्या. मैदानात पंचवीस-तीस पिंजरे एका रांगेत टांगतात, पंच खालून फिरतात आणि ज्याचं गाणं आवडेल त्याच्या खाली झेंडा रोवतात. रादेनची कात्री सुरू झाली की पंच आधी हसायचे आणि मग झेंडा रोवायचे. या बारापैकी नऊ वेळा दुसरा नंबर पाक हार्दोयोंच्या पक्ष्याचा. पाक हार्दोयो, म्हणजे हार्दोयोकाका, रेल्वेत सिग्नलवर होते, म्बाहांच्या समोरच्या घरात राहायचे, आणि हरल्यावर दर वेळी म्हणायचे की पंचांना केस कापायची आठवण झाली म्हणून झेंडा दिला, गाण्यासाठी नव्हे. तरी महिन्यातून एकदा ते केस म्बाहांकडेच कापून घेत. दुसऱ्या कुणाच्या हातात मान द्यायची म्हणजे त्यांना भीती वाटे.

रादेन पंधरा वर्षांचा झाला तेव्हा त्याची पिसं झडली आणि सगळी परत आली नाहीत. एका डोळ्यावर दुधासारखा पडदा आला. वरच्या दांडीवर उडी मारताना तो दोनदा खाली पडला, आणि तिसऱ्यांदा त्याने उडी मारलीच नाही. पिंजऱ्याच्या तळाशी अंग फुगवून बसला. आणि गाणं बंद.

म्बाहांनी खुर्ची आणि आरसा घरात आणून ठेवला. गिऱ्हाइकांना सांगितलं, घरात आजारी आहे. एकजण बिचारा फळांची करंडी घेऊन बू तिनेमना भेटायला आला. बू तिनेम म्हणजे म्बाहांची बायको, सोयाबीनच्या वड्या केळीच्या पानात बांधून बाजारात विकणारी, धडधाकट बाई. तिने फळं ठेवून घेतली आणि आजाऱ्याकडे बोट दाखवलं.

गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी रादेनला मुठीत धरून कानाशी नेलं, बराच वेळ ऐकलं आणि सांगितलं की रोग काही नाही, वय आहे. थोडे आठवडे म्हणा, फार तर दोन महिने. ऊब द्या, मऊ खाऊ घाला. म्बाहांनी विचारलं, गाईल का? डॉक्टर म्हणाले की मन झालं तर गाईल. ते औषधाने होत नाही.

म्बाहांना धक्का बसला तो मरणाचा नव्हता. पंधरा वर्षांचा शामा म्हणजे माणसाच्या हिशेबात नव्वदीचा, हे त्यांना कळत होतं. त्यांना लागलं ते दुसरंच. ती सात सुरांची शीळ आणि पुढची कात्री दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. रादेनने ती कधी कुणाला शिकवली नव्हती, कारण स्पर्धेच्या धामधुमीत म्बाहांनी त्याच्याजवळ कुणाचं पिल्लू टांगू दिलं नव्हतं. हार्दोयोंनी एकदा आपलं पिल्लू टांगू दे म्हणून मागितलं होतं. तेव्हा म्बाह म्हणाले होते की माझ्या पक्ष्याची विद्या फुकट वाटायला ठेवलेली नाही. आता त्यांना ते वाक्य घशात रुतलेल्या माशाच्या काट्यासारखं टोचत होतं.

पिल्लांना शिकवायची आमची रीत सोपी आहे. चांगल्या म्हाताऱ्या पक्ष्याशेजारी पिल्लाचा पिंजरा टांगायचा, वर गवसणी घालायची, म्हणजे ते इकडेतिकडे बघत बसत नाही, नुसतं ऐकतं. तीन-चार आठवड्यांत जे कानावर पडेल ते पोटात मुरतं. मग गवसणी काढायची.

म्बाह समोरच्या घरी गेले. हार्दोयो वरांड्यात पान लावत होते.

"तुझं ते नवं पिल्लू आहे ना," म्बाह म्हणाले, "ते आण माझ्याकडे. रादेन शिकवेल."

हार्दोयोंनी पानाला चुना जरा जास्तच लावला. "सात वर्षांपूर्वी मागितलं तेव्हा काय बोलला होतास?"

"तेव्हा मी गाढव होतो."

"आणि आता?"

"आता माझ्याकडे वेळ नाही."

हार्दोयोंनी पान तसंच ठेवलं आणि पिल्लू आणायला आत गेले. ते परत येईपर्यंत बातमी गल्लीभर झाली होती. संध्याकाळपर्यंत म्बाहांच्या पडवीत सात पिंजरे टांगले गेले, सातांवर रंगीबेरंगी गवसण्या, जणू सात नवऱ्या मुली घुंघट घेऊन मुहूर्ताची वाट बघत होत्या. मधोमध रादेन, बिनगवसणीचा, एका बाजूला कलंडून झोपलेला.

मग गल्ली वेडी झाली. पिल्लांच्या कानावर दुसरा आवाज पडता कामा नये, असा गल्लीच्या प्रमुखांनी हुकूमच काढला. भोंग्यावरच्या बांगेला कुणी हात लावणार नव्हतं, पण त्याखेरीज सगळं बंद. मोटारसायकली फणसापाशी बंद करून ढकलत आणायच्या. मीटबॉलवाला लाकडाच्या ठोकळ्यावर टक टक वाजवत यायचा, त्याला ठोकळ्याला फडकं बांधायला लावलं, तेव्हापासून तो नुसता पडवीसमोर उभा राहून हात हलवायचा. बायका कपडे धोपटायचे सोडून चोळायला लागल्या. दोन घरांमधलं भांडण चिठ्ठ्यांवर चालू राहिलं, आणि ज्यांना चिठ्ठी वाचता येत नव्हती ते म्हाताऱ्या शिक्षकांकडे वाचून घ्यायला येऊ लागले, त्यामुळे शिव्या अधिक शुद्ध झाल्या.

आणि पडवीत म्बाह. पहाटे पाचला उठून ते रातकिडे निवडायचे, पाय आणि डोकं काढून मधाच्या पाण्यात बुडवायचे. लाल मुंग्यांची पांढरी अंडी कोमट करून, बोटाच्या टोकावर घेऊन चोचीशी न्यायचे. दांडी खाली आणून तळापासून वीतभर उंचीवर बसवली होती, तिला स्वतःचा लोकरीचा मोजा गुंडाळला होता, म्हणजे दुखऱ्या पायांना मऊ लागेल. पिंजऱ्यात पिवळा छोटा दिवा. पाण्यात हळदीची चिमूट. बू तिनेम दारातून बघायची. इथे बायको नवऱ्याला पाक्ने म्हणते आणि नवरा बायकोला बुने.

"पाक्ने," ती म्हणाली, "माझ्या गुडघ्याला चाळीस वर्षांत कधी हळद लावलीत का?"

"तुझा गुडघा गातो का, बुने?"

"कुरकुरतो. ऐकायला येत नाही तुम्हाला."

त्या रात्री म्बाहांनी मुकाट तिच्या गुडघ्याला हळद लावली. दुसऱ्या दिवशी ती बाजारात सगळ्यांना पिवळा गुडघा दाखवत होती.

रादेनला भरवणं सोपं नव्हतं. म्बाह आधी एक बारीक, चढत जाणारी शीळ घालायचे, लहान मुलाला बोलवावं तशी. मग जिभेने दोनदा चटक चटक करायचे. मग किडा चोचीशी धरायचे. किडे ठेवलेल्या डब्यात गव्हाचा कोंडा असे, डबा उघडला की धूळ उडायची, आणि म्बाहांना शिंक यायची. शीळ, चटक चटक, शिंक. दिवसातून तीसेक वेळा. रादेन कधी किडा घ्यायचा, कधी तोंड फिरवायचा. घेतला की म्बाहांचा चेहरा असा फुलायचा की बू तिनेमला हसू आवरायचं नाही. एकदा त्याने एकापाठोपाठ चार किडे खाल्ले, तर म्बाहांनी आनंदाने पडवीत एक गिरकी घेतली आणि पिंजऱ्याला डोकं आपटून घेतलं. कपाळावर टेंगूळ आलं. गल्लीत विचारणाऱ्याला ते सांगत की रादेन बरा आहे, हे त्याचंच.

पण गाणं काही येईना.

हार्दोयो रोज सकाळी सातला येत. दारातूनच हळू आवाजात विचारत, "गायला का?"

पहिल्या दिवशी म्बाह म्हणाले, "पहाटे गायला. तू घोरत होतास."

तोंडून निघून गेलं. खरं सांगितलं तर सातही मालक पिंजरे उचलून नेतील, मग रादेन उद्या गायला तरी ऐकायला कुणी नसेल, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. पण एकदा पहाट झाली म्हणजे दुसरीही करावी लागते. दुसऱ्या दिवशी रादेन तीन वेळा गायला. चौथ्या दिवशी कात्री दोनदा. आठवडाभरात म्बाहांच्या सांगण्यातला रादेन असा गाऊ लागला की तरुणपणीही गायला नसेल. हार्दोयो गंभीरपणे मान डोलवायचे आणि आपल्या पिल्लाच्या गवसणीवरून हात फिरवून जायचे. एका सकाळी ते साडेचारलाच उठून बाहेर येऊन बसले. म्बाहांनी खिडकीतून पाहिलं. मग पुढे होऊन सांगितलं की रादेनला परका माणूस दिसला की तो लाजतो, म्हातारपणी असं होतं. हार्दोयो हळहळले आणि पुन्हा झोपायला गेले.

बू तिनेमला सगळं माहीत होतं. ती एवढंच म्हणाली की पाक्ने, तुमच्यापेक्षा पक्षी बरा, तो निदान गप्प बसतो.

तीन आठवडे असे गेले. रविवारी वॉर्डाच्या मैदानात लहान पक्ष्यांची छोटी स्पर्धा होती, आणि सगळ्यांचं ठरलं की शनिवारी सकाळी गवसण्या काढून बघू, पोरं काय शिकलीत. म्बाह रात्रभर कूस बदलत होते. काही झालंच नाही, पिल्लं गप्पच राहिली, तर हार्दोयोंना काय तोंड दाखवायचं, हाच घोर. पिल्लं गप्प राहतील एवढं वाईटच त्यांनी कल्पिलं होतं.

शनिवारी सकाळी सगळी गल्ली पडवीत आणि पडवीबाहेर. काहीजण तर अंगणातल्या पेरूवर चढून. बू तिनेमने सगळ्यांना आल्याचा चहा दिला. रादेन मोज्याच्या दांडीवर अंग फुगवून बसला होता, पडद्याच्या डोळ्याची बाजू लोकांकडे. हार्दोयोंनी आपल्या पिल्लाची हिरवी गवसणी दोन बोटांनी उचलली, नवरीचा पदर उचलावा तशी.

पिल्लू आधी इकडेतिकडे बघत राहिलं. मग छाती काढली. बारीक, चढत जाणारी शीळ घातली. चटक चटक केलं. आणि शिंकलं.

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग दुसरी गवसणी निघाली. शीळ, चटक चटक, शिंक. तिसऱ्याने तर शिंक दोनदा घेतली आणि शेवटी नाक ओढल्यासारखा आवाजही केला, जो म्बाह हमखास करत असत. चौथी, पाचवी. सातही पिंजऱ्यांतून म्बाह सारिदी आपल्या म्हाताऱ्या पक्ष्याला जेवायला बोलावत होते आणि धुळीने शिंकत होते. झाडावरचा एकजण हसता हसता खाली आला, सुदैवाने केळीच्या पानांच्या ढिगात. गल्लीच्या प्रमुखांनी तीन आठवड्यांत पहिल्यांदा मोठ्याने आवाज काढला, तो हसण्याचा. बू तिनेम चहाचं भांडं खाली ठेवून भिंतीला टेकली आणि डोळे पुसू लागली.

हसले नाहीत ते दोघंच. म्बाह, कारण त्यांचा चेहरा फणसाच्या गऱ्यासारखा पिवळा पडला होता. आणि हार्दोयो.

"म्हणजे तो गायलाच नाही," हार्दोयो म्हणाले.

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही. मी रोज खोटं बोललो." म्बाह उभे राहायला गेले आणि पुन्हा बसले. "पोरं घेऊन जाशील असं वाटलं. मग तो गायला असता तर ऐकणारं कोण?"

हार्दोयोंनी हातातली हिरवी गवसणी घडी करून खांद्यावर टाकली. मग आपल्या शिंकणाऱ्या पिल्लाकडे पाहिलं.

"नऊ वेळा तुझ्या पक्ष्याकडून हरलो," ते म्हणाले. "आता उद्यापासून तुझ्या शिंकेकडूनही हरू का?"

आणि मग ते हसायला लागले. रेल्वेतला माणूस, त्याचं हसणं गाडीसारखं, आधी अडखळत, मग थांबेचना. ते पायरीवर बसले, म्बाहांच्या गुडघ्यावर थाप मारत राहिले, आणि म्बाहांनाही आवरेना. दोघं म्हातारे एकमेकांच्या खांद्याला धरून हसत होते, आणि वर सातही पिंजरे एका सुरात शिंकत होते.

या सगळ्या गोंधळात रादेनकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पहिलं लक्ष बू तिनेमचं गेलं. तिने म्बाहांच्या दंडाला चिमटा काढला.

रादेनची पिसं अंगाला चिकटली होती. फुगलेला गोळा जाऊन तो पुन्हा पूर्वीसारखा सडपातळ दिसत होता. शेपटी वर. चांगला डोळा पिल्लांवर रोखलेला. तीन आठवडे त्याच्या समोर सात बोचकी टांगली होती, त्यांच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. आता बोचक्यांतून सात शामा निघाले होते, त्याच्या पडवीत, आणि त्याला जेवायला बोलवायची त्याची स्वतःची शीळ घालत होते. कुठलाही जिवंत शामा हे ऐकून घेत नाही.

त्याने एकदा घसा खरवडला. दांडीवर पाय घट्ट केले. मोज्याच्या लोकरीत नखं रुतली. मग सात सुरांची शीळ आली, पाचव्या सुरावर जरा कापली, पण आली. आणि मग कात्री. कच कच कच.

पडवीत माणूस तर सोडाच, पिल्लूही हललं नाही. हार्दोयोंच्या तोंडातलं हसू तसंच राहिलं, अर्धं. रादेन पुन्हा गायला. आणि पुन्हा. पाव तास तो त्या सात उपटसुंभांना सुनावत होता. मग दमला, खाली उतरला, म्बाहांकडे मान वळवली आणि चोच उघडली. भूक लागली होती. म्बाहांनी डबा उघडला आणि शिंक दाबून धरली.

"शिंक की," हार्दोयो म्हणाले. "त्यावाचून तो खातो का?"

रविवारच्या स्पर्धेला आमच्या गल्लीतून कुणी गेलं नाही. गवसण्याही पुन्हा घातल्या नाहीत, कारण कुणीतरी म्हणालं की म्हाताऱ्याला राग आणणारी ही तोंडं त्याला दिसलीच पाहिजेत. अकरा सकाळी रादेन गायला. कधी तीन वेळा, कधी एकदा, एकदा नुसती कात्री. हार्दोयो पहाटे उठून खुर्ची टाकून बसत, आता लपूनछपून नाही. रादेन थांबला की हार्दोयो म्हणत, आज पाचवा सूर बरा लागला, आणि म्बाह म्हणत, हं.

बाराव्या सकाळी रादेन मोज्याच्या दांडीवर चढला नाही. म्बाहांनी त्याला तळहातावर घेतलं, पोटाशी धरलं. त्याने अर्धा किडा खाल्ला, अर्धा ठेवला. पिल्लं भोवती शिंकत होती आणि कात्री चालवत होती, कुणाची अजून बोथट, कुणाची धारदार. तो त्या आवाजात गेला. म्बाह पुढे सांगत की तो ऐकत ऐकत गेला, आणि हे सांगताना ते खोटं बोलत नव्हते.

त्याला नव्या पांढऱ्या कापडात गुंडाळून अंगणात पेरूखाली पुरलं. बू तिनेमने पिवळ्या भाताचा उंच डोंगर केला, कोंबडी केली, गल्लीतल्या सगळ्यांना पानावर वाढलं. वाढता वाढता ती म्बाहांना म्हणाली की मी गेल्यावर एवढा भात केला नाहीत तर परत येईन. म्बाह जेवले. त्यांनी दोनदा भात घेतला, हे तिने नंतर समाधानाने सांगितलं.

दोन महिन्यांनी हार्दोयोंचं पिल्लू शेजारच्या क्लातेन गावच्या स्पर्धेत टांगलं गेलं. सात सूर स्वच्छ आले. कात्री आली. मग पक्षी शिंकला. पंचांचा हात झेंड्यासकट हवेत थांबला, त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, नियमात शिंकेबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं. तिसरा नंबर मिळाला. हार्दोयो पहिला नंबर मिळाल्यासारखे चालत घरी आले आणि तडक म्बाहांच्या पडवीत जाऊन बसले. पोराने शिंक सोडली तर पहिला येईल, पण मी ती सोडवणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. म्बाहांनी आत जाऊन स्वतः चहा केला, जो त्यांना कधी नीट जमत नाही, आणि हार्दोयोंनी तो शेवटपर्यंत प्याला.

म्बाह सारिदींना आता चौऱ्याहत्तरावं वर्ष लागलं आहे. खुर्ची आणि आरसा पुन्हा फणसाखाली असतो, पण आठवड्यातून तीनच दिवस. त्यांनी स्वतःसाठी पक्षी घेतला नाही. त्यांच्या पडवीत सध्या चार म्हातारे पक्षी आहेत, चारही दुसऱ्यांचे. त्यातल्या एकाला दिसत नाही, आणि दोघं गात नाहीत.